बावीस रुपयांचा भोंगा

धावजीने जन्मात दोन गोष्टी कधी हात राखून दिल्या नाहीत. एक बैलाला सरकीची ढेप आणि दुसरा माणसाला शब्द. ढेपेचं काही नाही, ती बैलाच्या अंगी लागायची. शब्द मात्र त्याच्याच अंगाशी यायचा, आणि त्या माघात तो असा आला की गोठ्यातल्या हरण्या बैलावर बेतलं.

झालं ते असं. बाभुळगावच्या बाजारातून ढेपेची पोती घेऊन धावजी तांड्याकडे परतत होता. नाल्याच्या वळणावर गाडीचं चाक कुरकुरायला लागलं. आता धावजीचा बाप आणि आजा लदेणीवाले, म्हणजे बैलांच्या पाठीवर गोण्या लादून मीठ-धान्य मुलखोमुलखी नेणारे. लदेणी कधीच बुडाली, तांडा शेतीला लागला, पण वाटेचे कायदे धावजीच्या हाडीमाशी मुरलेले. त्यातला पहिला कायदा असा की काही मोडलं तर आधी वाट सोडायची, मग गाडीला हात लावायचा. पण त्या दिवशी ऊन चढलं होतं, बाजूला उतार होता, आणि धावजीने कंटाळा केला. बैल बाभळीला बांधले, भर रस्त्यात गाडीला टेकण लावलं, चाक अर्धं बाहेर ओढलं आणि आसाला वंगण घालायला बसला.

वंगण त्याचं घरचं. एरंडीचं तेल, जाळलेल्या तणसाची काजळी आणि आणखी एक पाला, तो कोणता ते त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं. वास असा की धावजी कोणत्या वाटेने गेला हे तांड्यातली कुत्री सांगत. त्याची बायको मानीबाई त्या हातांना भाकरी शिवू देत नसे.

तेवढ्यात वळणावरून वामनरावांची मोटार आली.

वामनराव बाभुळगावचे साठ एकरांचे धनी. माणूस सरळ, पण राग नाकाच्या शेंड्यावर. यवतमाळच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरकडून त्यांनी ही जुनी मोटार घेतली होती. ‘हळू चालवतो’ म्हणून ड्रायव्हरला महिनाभरात काढून टाकलं आणि स्वतःच चाकावर बसले. विम्याची मुदत संपली तेव्हा विमेवाला दोनदा घरी आला. “चांगली मोटार दारात उभी हाय अन् तुम्ही तिच्या मोडतोडीचं बोलता? अपशकुनी मानूस!” असं म्हणून वामनरावांनी त्याला वाटेला लावलं. दोन्ही वेळा चहा पाजून लावलं, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

वळण घेतात तो समोर गाडी आडवी. वामनरावांचे हातपाय तीस वर्षं बैलांच्या दमणीवर घडलेले. त्यांनी दोन्ही पाय ताठ करून तळाला रोवले, मोटारीचं चाक कासऱ्यासारखं छातीशी ओढलं आणि ओरडले, “हो! हो रे राजा! हो!” मोटारीला ही भाषा येत नव्हती. ती तशीच आली आणि गाडीच्या चाकाच्या वंगणाने माखलेल्या तुंब्यावर आदळली.

कुणाला खरचटलंही नाही. धावजीच्या बाभळीच्या गाडीचा एक टवका तेवढा उडाला. मोटारीचं मात्र डावं मडगार्ड चेपलं, दिवा फुटला, पुढचा बंपर वाकला आणि बाजूचा पितळी भोंगा चपटा झाला. त्याचं रबर फाटता फाटता तो एकदा केविलवाणा ओरडला. बाभळीखाली हरण्याने कान टवकारले, मोटारीकडे पाहिलं आणि पुन्हा रवंथ सुरू केला.

“भर रस्त्यात गाडी सोडून बसला!” वामनराव उतरून कडाडले. “डोळे फुटले काय तुहे?”

बाजारातून परतणारी चार माणसं जमली. धावजीला बोलता आलं असतं. त्याने ते छातीशी ओढलेलं चाक पाहिलं होतं आणि ‘हो रे राजा’ही ऐकलं होतं. पण एवढ्या मानाच्या माणसाला चारचौघांत उघडं काय पाडायचं! शिवाय वाट त्याने अडवली होती, हे काही खोटं नव्हतं.

“चूक माही हाय, पाटील,” तो म्हणाला. “वाट म्या अडवली. जे फुटलं त्याची भरपाई धावजी देईल.”

“किती लागंल ते अजून मालूम नाई.”

“लागंल तेवढी.”

घरी हे ऐकून मानीबाईने कपाळावर हात मारला. “उचलली जीभ अन् लावली टाळ्याले! बैलाले मुसकं बांधता, सोताले काहून नाई बांधत?”

आठ दिवसांनी वामनराव स्वतः सायकलवर तांड्यात आले. धावजीच्या बाजेवर बसून त्यांनी खिशातून घनश्याम मिस्त्रीचा कागद काढला आणि वाचून दाखवला. नवं मडगार्ड नव्वद. नवा दिवा साठ. नवा बंपर पंच्याहत्तर. नवा भोंगा बावीस. रंग अठरा, मजुरी वीस. एकूण दोनशे पंच्याऐंशी रुपये. नवे पैसे येऊन दोनच वर्षं झाली होती आणि अजून माणसं आण्यांत हिशोब करत होती, पण हा आकडा कोणत्याही नाण्यात मोठाच होता.

“मलेबी जास्तच वाटते,” वामनराव म्हणाले. “पन मिस्त्री म्हनते, सगळं नवंच टाकलं. त्याले मी काय सांगू? मोटारीतलं मले काय समजते?” मग जरा खाकरले. गोठ्याकडे पाहत म्हणाले, “रोख नसंल तं राहू दे. हरण्या दे. बरोबरीचा सौदा हाय. येत्या सोमवारी मी मोटार आनाले जाऊन राह्यलो, तोवर सांग.”

त्यांनी हे वाईट मनाने म्हटलं नव्हतं. पण दारात मिरच्या वाळत घालणारी जमनी जागच्या जागी थांबली.

जमनी ही धावजीची नात. फाल्गुनात तिचं लग्न होतं, कळंबच्या पलीकडच्या तांड्यात. बंजाऱ्यांची नवरी सासरी निघते तेव्हा बैलाच्या पाठीवर उभी राहते, दोन्ही हात वर करते आणि सगळ्या तांड्याचा निरोप गाऊन घेते. त्या गाण्याला हवेली म्हणतात. आता बैलावर उभं राहणं म्हणजे ओट्यावर उभं राहणं नव्हे. हरण्याची माय तो चार दिवसांचा असताना गेली. जमनीने फडक्याचा बोळा दुधात भिजवून त्याला वाढवला. ती त्याच्या पाठीवर उभी राहिली की हरण्या माशीसुद्धा उडवत नसे. दुसऱ्या कोणत्या बैलावर ती उभी राहीना, आणि राहिली तरी तो बैल उभा राहीना.

वामनराव गेल्यावर ती गोठ्यात जाऊन हरण्याच्या मानेला मिठी मारून रडली. धावजीने ते ऐकलं आणि त्याला स्वतःच्या जिभेची लाज वाटली. कापसाचा पैसा लग्नाच्या कपड्यालत्त्यात गेला होता. पण दिलेला शब्द परत घेणं त्याच्याने होणार नव्हतं. भरपाई देतो म्हटलं ते म्हटलं. तीन दिवस तो जेवला नाही, म्हणजे दोनच भाकरी खाल्ल्या.

चौथ्या दिवशी गोणी शिवता शिवता मानीबाईने विचारलं, “सगळं नवं टाकलं म्हनते ना तो मिस्त्री? मंग जुनं कुठी हाय?”

“असंल त्याच्यापाशी.”

“त्याच्यापाशी कायले? तुमच्या बापाच्या लदेणीत गोणी फुटली तं काय करत?”

“धन्याले भरून देत.”

“अन् फुटकी गोणी?”

“भरनाऱ्याची. भरपाई ज्याची, फूट त्याची. कायदाच हाय तो.”

“तेच म्हनते मी. मंग आपलं लोखंड आना ना. मडगार्डाखाली पाच कोंबड्या झाकता येतीन. मुंगसानं दोन नेल्या माह्या.”

लोखंड फुकट येणार ही बातमी संध्याकाळपर्यंत तांडाभर झाली. बंपर तांड्याच्या नायकाने कुंपणाच्या फाटकाला आडणा म्हणून मागून घेतला. दिव्याची डबी सेवाभायाच्या देवळात वात लावायला ठरली. भोंग्यावर कुणी हक्क सांगितला नाही, चपटा भोंगा काय कामाचा? कुणाच्या मनात डाव नव्हता, कपट नव्हतं. ज्याचे पैसे द्यायचे तो माल घरी आणायचा, एवढा सरळ हिशोब. विकून रुपया-दोन रुपये सुटले तर तेवढाच भार हलका, असं धावजीला वाटत होतं. हरण्या सुटेल असं त्याला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

सोमवारी पहाटे निघून गाडी ऊन तापायच्या आत यवतमाळात पोचली. धावजी, मानीबाई आणि जमनी. हरण्या आता वामनरावांकडे जाणार, म्हणून जमनी हट्टाने आली होती. हरण्याच्या शिंगांना तिने लाल गोंडे बांधले होते, आणि वाटेत ती त्याच्याशी हळू आवाजात काय काय बोलत होती. धावजी मागे वळून पाहत नव्हता.

घनश्याम मिस्त्रीचं दुकान म्हणजे एक टिनाचं छप्पर. त्याखाली वामनरावांची मोटार नव्या नवरीसारखी चकाकत उभी होती आणि वामनराव तिच्याभोवती फेऱ्या मारत होते. मिस्त्री खिशातला कंगवा केसांतून फिरवत होता. काम कमी आणि केस फार, असा माणूस.

“मिस्त्री, माल काढा,” धावजी गाडी लावून म्हणाला. “गाडी आनली हाय.”

“कोन्ता माल?”

“फुटलेला. भरपाई आमची, तं फूट आमची. मडगार्ड, बंपर, दिवा, भोंगा. जमने, पोते आथर, रंग लागंल.”

मिस्त्री हसला. “अरे बाबा, पुराना माल कोन सांभाळते? भंगारात गेला तो.”

“कोनाच्या भंगारात?” मानीबाई खाली उतरली. कोपरापर्यंतच्या बलया-बांगड्या वाजवत ती मिस्त्रीसमोर उभी राहिली. “कोन्त्या वारी गेला? वजन किती भरलं? शेराले काय भाव देल्ला?”

“आता ते काय ध्यानात राहते, बाई?”

“आमचा माल इकला अन् आमालेच भाव सांगत नाई? मंग तेवढे पैसे कागदातून काट. अन् माह्या कोंबड्याईचं काय?”

“कोंबड्याईचं?” मिस्त्रीला काही कळेना.

वामनराव आधी वैतागून ऐकत होते. पण ‘वजन’ आणि ‘भाव’ हे शब्द कानी पडले तसे ते फेऱ्या मारायचे थांबले. मोटारीतलं त्यांना समजत नव्हतं हे खरं. पण कापसाच्या काट्यावर आयुष्य काढलेला माणूस, वजनाच्या प्रश्नावर समोरच्याचे डोळे कुठे पळतात ते त्यांना बरोबर समजायचं. मिस्त्रीचे डोळे छपराकडे गेले होते.

इकडे धावजी मोटारीपाशी गेला होता. नव्वद रुपयांचं लोखंड कसं असतं ते एकदा हाताने पाहावं, एवढीच त्याची इच्छा. वरून हात फिरवला. आरशासारखं गुळगुळीत. मग जनावराचं पोट चाचपावं तसा त्याने मडगार्डाच्या आत हात घातला. हात बाहेर आला तेव्हा चारही बोटं काळी होती.

त्याने बोटं नाकाशी नेली. आणि तीन दिवस उपाशी, म्हणजे दोन भाकरींवर असलेल्या त्या म्हाताऱ्याचा चेहरा असा उजळला की जमनी गाडीतून उडी मारून खाली आली.

“मानी, हे पाय बरं कायचा वास हाय.”

मानीबाई चार हातांवरूनच नाकाला पदर लावून मागे सरली. “अगं माय! अठीबी आनलं का ते तुमचं वंगण?”

“म्या नाई आनलं. ते अठीच होतं.” धावजी मिस्त्रीकडे वळला. त्याच्या आवाजात राग नव्हता, नवल होतं. “मिस्त्री, नवा मडगार्ड जिथून आनला, त्या कारखान्यात माह्या गाडीचं वंगण लावतेत काय?”

मिस्त्रीचा कंगवा केसांत अडकला.

हातच्या कांकणाला आरसा कशाला! वामनराव लगबगीने आले, त्यांनी स्वतः मडगार्डाच्या आत हात घातला, वास घेतला, आणि त्यांना जोराची शिंक आली. शिंकेमागून राग आला. बोटं त्यांनी मिस्त्रीच्याच कागदाला पुसली, नेमकी ‘नवं मडगार्ड’ या ओळीवर. “आता बंपर दाखव!”

बंपर पाठीमागून पाहिला तर हातोड्याचे घाव एकाशेजारी एक. दिव्याची काच नवी होती, पण डबी जुनीच, पोचे काढलेली. मिस्त्रीने ठोकून सगळं सरळ केलं होतं, वरून सुरेख रंग मारला होता, आणि आतून पुसायचा मात्र कंटाळा केला होता. एकाच्या कंटाळ्याने हे प्रकरण सुरू झालं आणि दुसऱ्याच्या कंटाळ्याने उघडं पडलं.

मिस्त्री घामाघूम झाला. आणि एकदम काही आठवून छपराच्या कोपऱ्यात धावला. तेलकट डब्यांच्या मागून त्याने तो चपटा पितळी भोंगा ओढून काढला आणि दोन्ही हातांत वर धरला. “हा घ्या! हा नवाच बसवला, माह्या मुलाची आन! भोंगा खरा हाय!”

‘नव्या’च्या चार ओळींत एकच खरी निघाली, पण तिचा त्याला केवढा अभिमान! जमनी पदर तोंडात धरून हसायला लागली. मग मानीबाई हसली, आणि शेवटी वामनरावांनाही हसू आवरेना.

धावजीने भोंगा हातात घेऊन उलटसुलट पाहिला. “खरं हाय,” तो म्हणाला. “याचे बावीस देईन. काचेचे किती?”

“चौदा,” मिस्त्री पुटपुटला.

“रंग अठरा, मजुरी वीस. अन् ठोकून सरळ केलं त्याचे दहा जास्त लाव.”

“कायले?” वामनराव ओरडले. “चोराले बक्षीस?”

“चोरी वेगळी, मेहनत वेगळी, पाटील. हातोडा तं मारला ना त्यानं? मेहनतीचं दाबून आपल्या अंगी लागत नाई.”

चौऱ्याऐंशी रुपये झाले. मानीबाईने कमरेची गाठ सोडली. तिथे किती होते हे धावजीला चाळीस वर्षांत कळलं नव्हतं आणि त्याही दिवशी कळलं नाही. तिने पाठ फिरवून मोजले. पण वामनरावांनी तिचा हात अडवला. ते जरा घुटमळले, दोनदा खाकरले आणि लाल होऊन म्हणाले, “थांबजा बाई. अर्धे माहे हायेत. म्या बिरेकवर पायच देल्ला नाई. चाक छातीशी ओढलं अन् ‘हो रे राजा’ म्हनलं. धावजीनं आयकलं होतं. चार मानसं होते, तरी बोलला नाई.”

“मले वाटलं, तुम्ही माह्या हरण्याले म्हनून राह्यले,” धावजी म्हणाला.

वामनरावांनी त्याच्या पाठीवर असा हात मारला की वंगणाची पाच बोटं सदऱ्यावर उठली. ती मग कधी निघाली नाहीत.

“पन भोंग्याचे बावीस माहे एकट्याचे,” धावजीने बजावलं. “नाई तं भोंगा अर्धा तुमचा होईल.”

परतीच्या वाटेवर जमनी गाडीत बसलीच नाही. हरण्याच्या बाजूने त्याच्या शिंगाला हात लावून चालत राहिली आणि गात राहिली. मानीबाई तेवढी बोटांवर काही मोजत होती. “म्हंजे कोंबड्याईले काईच नाई,” ती कळंब फाट्यापाशी म्हणाली. पुढच्या आठवड्यात वामनरावांकडून लग्नाचा आहेर आला. त्यात लुगड्याच्या वर एक मोठं लोखंडी टोपलं पालथं ठेवलेलं होतं.

लग्नाच्या दिवशी वामनराव मोटार घेऊन आले आणि गाड्यांपासून चांगली शंभर पावलं लांब, चिंचेखाली लावली. “पोरीले मोटारीतून सोडून देतो,” ते म्हणाले.

“मोटारीवर उभं राहून हवेली म्हनता येते काय, पाटील?” जमनी म्हणाली, आणि तांडा खदखदला.

मग ती हरण्याच्या पाठीवर चढली. चाळ वाजले, आरशांचा पदर उन्हात लखलखला. दोन्ही हात वर करून तिने तांड्याचा निरोप घेतला. या तांड्याचे गोठे भरलेले राहोत, इथल्या विहिरींना पाणी राहो, माझे आजा-आजी सुखी राहोत, असं गात तिचा आवाज भरून आला. बाया रडायला लागल्या, गडी आकाशाकडे पाहायला लागले. हरण्याने माशी उडवली नाही. वामनरावांनी उपरणं डोळ्यांना लावलं आणि धूळ फार झाली म्हणाले.

धावजी रडला नाही. तो गाडीच्या धुरीला काहीतरी बांधत होता. चपटा भोंगा त्याने दगडावर ठोकून गोल केला होता, आणि फाटक्या रबराच्या जागी जुन्या पखालीचं चामडं शिवून फुगा बसवला होता. जमनी गाडीत बसली तेव्हा त्याने तो फुगा तिच्या हाताखाली दिला.

“वळन आलं का वाजवत जाजो,” तो म्हणाला. “भरपाई देऊन घेतला हाय. आपल्याच मालकीचा हाय.”

तिचा बाप प्रेमसिंग कासरा धरून बसला होता. हरण्याने गाडी ओढली. पहिल्या वळणावर भोंगा वाजला. चामड्याचा आवाज जाडसर, रेड्यासारखा, आणि सगळा तांडा हसला. नाल्याच्या वळणावर वाजला, जिथे मोटार आदळली होती. चिंचेखालून वामनरावांनी आपला नवा भोंगा दाबून त्याला उत्तर दिलं. मग पांदीच्या वळणावर वाजला, बारीकसा.

पाहुणे पांगले. धावजी आणि मानीबाई ओट्यावर बसून राहिले.

“आला का आवाज?” थोड्या वेळाने मानीबाईने विचारलं. तिला अलीकडे कमी ऐकू यायचं.

“आला,” धावजी म्हणाला.

आणखी थोडा वेळ गेला. आता गाडी पार कळंबच्या वाटेला लागली असणार, तिथून कसला आवाज येतो!

“आता?”

“आताबी आला,” धावजी म्हणाला, आणि मग त्याला रडू आलं. मानीबाईने त्याचा वंगणाने काळा झालेला हात आपल्या हातात घेतला आणि पदराने पुसला.

“हो,” ती म्हणाली. “मलेबी आला.”